बार्बेक्यूच्या जाळीला तारेचा ब्रश लावू नका

उन्हाळा लागला की अमेरिकेत आणि कॅनडात घरोघरी मागच्या अंगणातली ग्रिल पेटते. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे, ४ जुलै आणि सप्टेंबरातला लेबर डे हे तर ग्रिलचे ठरलेले दिवस. तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या सहलीही याच हंगामात निघतात. सार्वजनिक उद्यानातल्या लोखंडी ग्रिलवर एकीकडे मक्याची कणसं आणि पनीर, दुसरीकडे दह्यात मुरवलेलं चिकन असा बेत असतो. इकडे महाराष्ट्रातही पवना धरणाच्या काठावरचे तंबू, कर्जत-अलिबागकडची फार्महाउस आणि शहरातल्या गच्च्या यांमुळे बार्बेक्यू आता नवलाईचा राहिलेला नाही. मसाला कोणता, कोळसा कुठला, किती वेळ भाजायचं यावर सगळे हिरिरीने बोलतात. अन्न ज्या जाळीवर टेकतं, ती कशी साफ करायची हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

बहुतेक घरांत त्यासाठी एक तारेचा ब्रश असतो. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ, पुढे पितळी किंवा पोलादी तारांचे झुबके, स्वस्त आणि दुकानात ग्रिलच्या शेजारीच टांगलेला. माझी कळकळीची विनंती आहे की तो ब्रश वापरणं आजच बंद करा. जाळी त्याच्याशिवाय चांगली साफ होते. कशी, ते पुढे सविस्तर सांगते. आधी ब्रश का नको, ते पाहू.

तार अन्नात कशी येते

असा ब्रश हातात घेऊन तारांच्या मुळाशी नीट पाहा. मुठीच्या लाकडात ओळीने भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकात तारांचा एकेक झुबका दाबून बसवलेला असतो. झुबक्यातली प्रत्येक तार अगदी बारीक आणि एक-दोन सेंटिमीटर लांब. तापलेल्या जाळीवर ब्रश घासला की लाकूड कोरडं पडून आकसतं, पुढे पावसात किंवा दवात ते फुगतं. असं वारंवार झालं की भोक सैल होतं. गंज चढला की तार मुळाशी ठिसूळ होते. मग जोर लावून घासताना एखादी तार सुटते आणि जाळीवरच्या चिकट, तेलकट थरात अडकून बसते. काळ्या जाळीवर ती दिसत नाही. तिच्यावर कबाब ठेवला की ती कबाबाला चिकटते, आणि भाजल्याच्या काळ्या डागांत डोळ्यांना तिचा पत्ता लागत नाही. तोंडात घास घोळतानाही ती जिभेला जाणवेलच असं नाही.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, जुलै २०१२ मध्ये आपल्या साप्ताहिकात अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मार्च २०११ ते जून २०१२ या काळात हे सहाही जण ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात उपचारासाठी आले होते. सगळ्यांनी ग्रिलवर भाजलेलं अन्न खाल्लं होतं आणि ती ग्रिल तारेच्या ब्रशने घासलेली होती. काहींच्या घशाजवळच्या भागात तार रुतली होती आणि त्यांना गिळताना असह्य वेदना होत होत्या. काहींच्या बाबतीत ती पोटात उतरून आतडं भोसकण्यापर्यंत मजल गेली आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे २०१६ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णालयांच्या नोंदींवरून देशभराचा अंदाज मांडला. २००२ ते २०१४ या वर्षांत अशा तारेमुळे सुमारे १,७०० जणांना इमर्जन्सी विभाग गाठावा लागला, असा तो अंदाज आहे. जे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेले, ते यात आलेलेच नाहीत.

कोट्यवधी लोक ग्रिलवर भाजतात, त्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे, हे मला मान्य आहे. पण हा धोका टाळायला काही खर्च नाही, कष्टही नाहीत. एक वस्तू बदलली की तो संपतो. मग तो का पत्करायचा?

घशात टोचलं तर

आपल्याकडे माशाचा काटा अडकला की भाताचा गोळा नाहीतर केळं गिळायला सांगतात. ग्रिलवरचं खाल्ल्यानंतर घशात टोचत असेल तर असलं काही करू नका. तार टोकदार असते, घासाच्या दाबाने ती आणखी खोल रुतते. बोटं घालून उलटी काढायचा प्रयत्नही नको. सरळ रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की ग्रिलवर भाजलेलं खाल्लं आहे आणि तारेचा तुकडा गेल्याची शंका आहे. हे एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. तार इतकी बारीक असते की साध्या एक्स-रेमध्ये ती नजरेतून सुटू शकते. शंका सांगितली तर डॉक्टर सीटी स्कॅनचा विचार करतात. आणि एमआरआयचा विषय निघाला तर तारेची गोष्ट पुन्हा सांगा. त्या यंत्रातला चुंबक फार शक्तिशाली असतो आणि शरीरातली पोलादी तार त्याने जागची हलू शकते.

पोटदुखीच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा. दुखणं त्याच दिवशी सुरू होईल असं नाही, मधे काही दिवस जाऊ शकतात. त्या वेळी आठवड्यापूर्वीची सहल कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून कारण न कळता पोट दुखत असेल आणि दुखणं वाढत जात असेल तर मागच्या पंधरवड्यात ग्रिलवरचं काही खाल्लं होतं का, ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

जाळी साफ करायची कशी

जाळीवर चिकटतं ते काय? मसाल्यातली साखर, दह्यातली आणि मांसातली प्रथिनं आणि चरबी. हे सगळं तापलेल्या धातूला घट्ट धरतं. थंड जाळीवर ते खरवडायला गेलात तर हात दुखतील आणि थर तसाच राहील. याच थराला भरपूर उष्णता दिली की तो जळून कोरडा आणि ठिसूळ होतो आणि थोड्या जोराने निघतो. म्हणून जाळी साफ करण्याचं निम्मं काम आगच करते. आपण फक्त क्रम सांभाळायचा.

पहिल्यांदा ग्रिलखालचा चरबी साठण्याचा ट्रे रिकामा करा. हे विसरून आच वाढवली तर साठलेली चरबी पेट घेते. ग्रिल साफ न करणं हे ग्रिलच्या आगींचं एक मोठं कारण आहे, असं अमेरिकेतली अग्निसुरक्षा संस्था एनएफपीए वर्षानुवर्षं सांगत आली आहे.

मग गॅसची ग्रिल असेल तर झाकण लावून मोठ्या आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापवा आणि तेवढा वेळ जवळच थांबा. कोळशाची उघडी शेगडी असेल तर निखारे सारखे पसरा आणि जाळी त्यांच्या जवळ ठेवा. धूर आधी दाट येईल, मग विरळ होत जाईल. विरळ झाला की थर जळून सुकला असं समजा. आता आच बंद किंवा कमी करा.

जाळी अजून गरम असतानाच ती खरवडायची. यासाठी लाकडी खरवडणी सर्वांत चांगली. कठीण लाकडाची, हातभर लांब, पुढून चपटी अशी पट्टी घ्या. सुताराकडे शिसवाचा किंवा सागवानाचा तुकडा सहज मिळतो. त्याला रंग किंवा पॉलिश नको, आणि प्लायवुड तर मुळीच नको, कारण त्यात गोंद असतो. ही पट्टी जाळीच्या गजांवर दोन-चारदा चालवली की तिच्या कडेवर गजांच्या आकाराच्या खाचा आपोआप पडतात. पुढे ती त्याच जाळीवर अशी बसते की गजाच्या वरच्या बाजूबरोबर दोन्ही कडाही साफ होतात. पट्टी झिजली की नवी करायची. तिचा कण अन्नात आला तरी तो लाकडाचा असेल.

लाकूड नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा मोसंबीएवढा गोळा चुरगाळून करा, लांब चिमट्यात घट्ट धरा आणि गजांवर घासा. सहलीत हा उपाय हाताशी असतो, कारण फॉइल बरोबर नेलेलीच असते. तिचा चुरा जाळीवर राहू शकतो, म्हणून पुढचं पुसणं टाळू नका.

नंतर अर्धा कांदा काट्याला टोचून, कापलेली बाजू गरम गजांवर फिरवा. कोकणात बिडाच्या तव्यावर घावन घालण्याआधी तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवतात, तसंच. कांद्यातल्या पाण्याची वाफ होते, उरलेला काजळीचा थर सुटतो आणि तो कांद्याच्या पापुद्र्यांत धरला जातो. कांदा मात्र नंतर टाकून द्या.

शेवटी पुसणं. जाडसर सुती फडकं पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, लांब चिमट्यात धरून जाळीवरून फिरवा. आच बंद हवी आणि चेहरा जाळीच्या वर नको, कारण वाफ जोरात वर येते. हात उघडे ठेवू नका. जाळी निवल्यावर एक पांढरं ओलं फडकं किंवा जाड टिश्यू तिच्यावरून आणि खालूनही फिरवा आणि तो उजेडात पाहा. त्याच्यावर तार, फॉइलचा चुरा किंवा काजळीची खपली दिसली तर पुन्हा पुसा. काही दिसलं नाही तर काम झालं.

जाळी नवीसारखी चकाकायला हवी, हा आग्रह सोडा. बिडाचा मुरलेला तवा काळाच असतो, तशीच वापरलेली जाळी काळी असायला काही हरकत नाही. तिच्यावर सुटं, चिकट किंवा खवलेदार असं काही नको, एवढीच स्वच्छतेची खूण. चकाकी आणण्याच्या नादातच लोक तारेचा ब्रश आणि तारेची घासणी हातात घेतात. भांड्यांच्या तारेच्या घासणीचेही तुकडे पडतात, म्हणून तीही इथे नको. नायलॉनचा ब्रश चालतो, पण फक्त पूर्ण थंड जाळीवर. गरम गजांवर तो वितळून चिकटतो.

जाळी कोणत्या धातूची, ते ओळखा

बिडाची जाळी जड असते आणि उष्णता छान धरते, पण तिला ओल सोसत नाही. ती साबणाच्या पाण्यात भिजत ठेवू नका, डिशवॉशरमध्ये घालू नका. खरवडून, पुसून, कोरडी करून लगेच तेलाचा पातळ हात द्या. शेंगदाण्याचं तेल चालतं, फडक्याला लावून, थेंब गळणार नाही इतपत. पेटलेल्या ग्रिलवर तेलाचा फवारा कधीही मारू नका.

काही जाळ्यांवर काचेसारखा चकचकीत मुलामा असतो, त्याला पोर्सिलेन इनॅमल म्हणतात. धातूच्या उलथन्याने तो टवका होऊन उडतो. टवका अन्नात येतो आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज चढतो. तिथे लाकूड आणि मऊ फडकं एवढंच वापरा. मुलामा बऱ्याच ठिकाणी उडाला असेल तर जाळी बदलून टाका. स्टेनलेस स्टीलची जाळी सर्वांत सोशिक. ती आंघोळ घातल्यासारखी धुतली तरी चालते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. शेगडी घरची असते आणि जाळी ऐन वेळी सापडत नाही. मग हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जीआय जाळी कापून आणतात, नाहीतर जुन्या फ्रिजचा कप्पा काढून निखाऱ्यांवर ठेवतात. हे दोन्ही करू नका. जीआय जाळीवर जस्ताचा थर असतो. लिंबू-दह्याच्या आंबटपणाने जस्त अन्नात उतरतं आणि निखाऱ्यांच्या थेट आचेने तो थर खराब होतो. जुन्या फ्रिजच्या कप्प्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो आणि तो विषारी आहे. या जाळ्या कितीही घासल्या तरी अन्नासाठी योग्य होत नाहीत. पापड किंवा वांगं भाजायची स्टीलची जाळी भांड्यांच्या दुकानात मिळते, ती घ्या.

वर्षातून एकदा खोल सफाई

हंगाम संपला की जाळी एकदा नीट धुवावी. स्टीलची किंवा इनॅमलची जाळी मोठ्या घमेल्यात गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मूठभर खाण्याचा सोडा घालून तासभर भिजवा. मग काथ्याच्या जुडग्याने घासा. काथ्या राठ असतो, पण त्याने मुलाम्यावर चरे पडत नाहीत, आणि त्याचा धागा राहिला तर पांढऱ्या फडक्यावर लगेच दिसतो. सोडा भिजवून केलेला लेप हट्टी डागांवर अर्धा तास ठेवला तर तेही सैल होतात.

करपलेली भांडी घासायला संडास साफ करायचं ॲसिड वापरणारी माणसं आहेत. जाळीवर ते कधीही लावू नका. कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनरही नको. तो त्वचा आणि डोळे जाळतो, ॲल्युमिनियम खातो, आणि नीट धुतला गेला नाही तर पुढच्या वेळी अन्नात येतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरीही विषारी वायू तयार होतो. गरम पाणी, साबण, सोडा आणि थोडा वेळ, एवढ्यावर जाळी स्वच्छ होते.

आग, गॅस आणि राख

साफ करताना चरबीने पेट घेतला तर पाणी ओतू नका. पाण्याची एकदम वाफ होते आणि जळती चरबी उडून अंगावर येते. गॅस बंद करा, झाकण लावा आणि लांब व्हा. लहान ज्वाळेवर खाण्याचा सोडा किंवा कोरडी वाळू टाकता येते. गॅसची ग्रिल पेटवताना मात्र झाकण नेहमी उघडं ठेवा, नाहीतर आत साठलेला गॅस भडकतो. सफाईसाठी सिलिंडर काढला असेल तर परत जोडल्यावर सांध्यावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे, मग पेटवायचं नाही.

कोळशाबद्दल तर हात जोडून सांगते. विझत आलेली शेगडीसुद्धा तंबूत, खोलीत किंवा गॅरेजमध्ये आणू नका. जाळी घासायला उजेड हवा, बाहेर पाऊस आहे, थंडी वाजते आहे, कारण काहीही असो. विझणारा कोळसाही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेत असलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. धरणाकाठी मुक्कामाला जाणाऱ्यांनी हे आपल्या गटातल्या प्रत्येकाला सांगावं.

राख दिसायला थंड असते, पण तिच्या पोटात निखारा बराच काळ धगधगत राहतो. ती पूर्ण निवायला दोन दिवस द्या, किंवा भरपूर पाण्यात भिजवून ढवळा आणि मगच झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा. प्लॅस्टिकच्या बादलीत नको, वाळक्या गवतात नको. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत निखारे पुरू नका. वर वाळू आली की ते दिसत नाहीत आणि उष्णता आत टिकते. दुसऱ्या दिवशी अनवाणी धावणारं पोर त्यावर पाय देतं.

मंडळांना आणि सहल काढणाऱ्यांना

सार्वजनिक उद्यानातली ग्रिल आपल्याआधी कोणी आणि कशाने घासली, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. तिथे तारेचा ब्रश नक्कीच फिरला आहे असं धरून चाला. ती तापवा, खरवडा, पुसा, पांढऱ्या फडक्याने तपासा, आणि तरी मनात शंका असेल तर जाड फॉइल अंथरून त्यावर भाजा. शाकाहारी मंडळींसाठी तर हे दुहेरी सोयीचं आहे. त्यांची कणसं आणि पनीर आधी, स्वच्छ जाळीवर भाजून घ्यावं, चिमटाही वेगळा ठेवावा. कच्च्या चिकनचा चिमटा शिजलेल्या चिकनला लावू नये, आणि चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलं आहे का ते थर्मामीटरने पाहावं. जाळी कितीही घासली तरी ही दोन कामं वाचत नाहीत.

सहलीच्या सामानात कोळसा आणि मसाल्याबरोबर एक लाकडी पट्टी, लांब चिमटा, दोन सुती फडकी, त्यांतलं एक पांढरं, आणि एक कांदा जास्तीचा ठेवा. हे काम एका जबाबदार माणसाकडे द्या आणि लहान मुलांना तोवर ग्रिलपासून लांब खेळायला पाठवा.

आणि घरातला तारेचा ब्रश आज शोधून काढा. तो कोणाला देऊ नका, माळ्यावर ठेवू नका, कारण ठेवलेली वस्तू कधीतरी कोणीतरी वापरतंच. जाड कागदात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर 'टोकदार तारा' असं लिहा, म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हाताला इजा होणार नाही, आणि मग टाकून द्या.

शेजारी, नातेवाईक, मंडळातली माणसं, जो कोणी ग्रिल पेटवतो त्याला ही गोष्ट सांगा. आपल्या हातचं खाऊन आपल्याच माणसाला इजा होऊ नये, एवढी काळजी घेणं आपल्या हातात आहे.